तंजावूरचे सरफोजीराजे

१७८७ साली मृत्युशय्येवर असलेल्या तुळजाराजांनी तंजावूरच्या भोसले गादीसाठी दत्तक घेतलेला मुलगा अवघा नऊ वर्षांचा होता. त्याला त्यांनी जर्मन धर्मोपदेशक श्वार्ट्झ यांच्या ओटीत घातले. परंतु गादीवर आले ते तुळजाराजांचे सावत्र बंधू अमरसिंह. त्यांच्या अमलात बाल सरफोजी जवळजवळ कैदेतच वाढले. राजपुत्र खरा, पण शिकण्याचा हक्क हिरावलेला! श्वार्ट्झ यांनी कंपनी सरकारकडे दाद मागितली आणि अखेर १७९३ मध्ये त्यांना मद्रासला नेऊन त्यांच्या अध्ययनाची व्यवस्था झाली.

१७९८ साली ते गादीवर आले. पुढच्याच वर्षी कारभार कंपनीच्या हाती गेला. राजांनी आपले लक्ष विद्येकडे वळविले. ओरतनाडू येथील त्यांच्या मुक्तांबाळ छत्रात वाटसरूंना अन्न, रुग्णांना औषध आणि मुलांना विनामूल्य शिक्षण मिळे.

त्यांची खरी कल्पकता मात्र ‘देवेंद्र कुरवंजी’ या मराठी नाट्यप्रबंधात दिसते. कुरवंजी हा तमिळ मुलखातील लोकप्रिय नृत्यनाट्यप्रकार. त्यात डोंगरातून आलेली कुरत्ती नायिकेला भविष्य सांगते. सरफोजीराजांची कुरत्ती भविष्याबरोबर भूगोलही सांगते. खंडे, देश, नद्या, सारे गाण्यांतून! रूक्ष वाटणारा विषय नाचत-गात शिकविण्याची ही युक्ती दोनशे वर्षांपूर्वीची आहे.

श्वार्ट्झ यांच्या स्मरणार्थ राजांनी इंग्लंडमधील शिल्पकार फ्लॅक्समन यांच्याकडून संगमरवरी शिल्प घडवून घेतले. तंजावूरच्या चर्चमधील त्या शिल्पात राजे मरणासन्न गुरूचा हात हाती घेऊन उभे आहेत आणि पलंगाच्या पायथ्याशी शाळेतील मुले आहेत.