आल्फ्रेड बिने

आल्फ्रेड बिने (जन्म : नीस, ८ जुलै १८५७, मृत्यू : पॅरिस, १८ ऑक्टोबर १९११) हे एक फ्रेंच मानसशास्त्रज्ञ होते. तेओदोर सिमों या तरुण डॉक्टरांच्या सहकार्याने त्यांनी १९०५ साली सिद्ध केलेली बिने-सिमों श्रेणी ही मुलांची बौद्धिक पातळी अजमावणारी पहिली व्यवहारोपयोगी कसोटी मानली जाते. ऐकलेले अंक अथवा ऐकलेले वाक्य लहान मुलाकडून जसेच्या तसे म्हणवून घेणे हा या श्रेणीतील एक साधा भाग होता. शाब्दिक स्मृती तपासण्याची ही रीत पुढे मराठी, कन्नड, फारसी अशा परस्परांपासून दूर असलेल्या भाषांत पोहोचली. बुद्धिगुणांकाचे जनक म्हणून बिने यांचे नाव पुष्कळदा घेतले जाते. ते बरोबर नाही.

== बालपण व शिक्षण ==
बिने यांचा जन्म झाला तेव्हा नीस शहर सार्डिनियाच्या राज्यात होते. ते १८६० साली फ्रान्सकडे आले. वडील वैद्यकीय व्यवसायात होते, तर आई चित्रकार होती. आईवडील विभक्त झाल्याने आल्फ्रेड यांचे संगोपन आईनेच केले. पॅरिसच्या लुई-ल-ग्रां विद्यालयात शिक्षण घेतल्यावर त्यांनी १८७८ साली कायद्याची पदवी मिळवली, पण वकिली केली नाही. वैद्यकाचा अभ्यासही अर्ध्यावर सोडला. पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात बसून त्यांनी मानसशास्त्राचे ग्रंथ वाचून काढले. जॉन स्टुअर्ट मिल यांच्या विचारांचा त्यांच्यावर विशेष प्रभाव पडला. या विषयात त्यांना रीतसर गुरू असा लाभला नाही.

== सालपेत्रियेर रुग्णालयातील वर्षे ==
१८८३ च्या सुमारास बिने हे सुप्रसिद्ध मज्जाविकारतज्ज्ञ शार्को यांच्या सालपेत्रियेर रुग्णालयात काम करू लागले. चार्ल्स फेरे यांच्यासह त्यांनी संमोहनावर प्रयोग केले. लोहचुंबक एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला नेला की संमोहित रुग्णाच्या शरीरातील लक्षणेही बाजू बदलतात, असा निष्कर्ष दोघांनी प्रसिद्ध केला. बेल्जियमचे शास्त्रज्ञ जोझेफ देलबफ यांनी तो खोडून काढला. प्रयोगात काय घडणे अपेक्षित आहे याची चर्चा रुग्णांच्या समक्षच होत असे आणि रुग्ण नकळत तसे वागत, हे त्यांनी दाखवून दिले. बिने यांनी प्रथम वाद घातला. पुढे मात्र चूक जाहीरपणे मान्य केली.

या प्रसंगाने त्यांच्या कामाला वेगळे वळण दिले, असे म्हणता येईल. परीक्षकाच्या बोलण्यातून, चेहऱ्यावरून किंवा प्रश्नाच्या रचनेतून समोरच्याला उत्तर सुचवले जाते, ही जाणीव त्यानंतर त्यांच्या प्रत्येक प्रयोगात दिसते. शाळकरी मुलांची सूचनवशता हा १९०० साली प्रकाशित झालेल्या त्यांच्या ग्रंथाचा विषयच होता.

== घरातील प्रयोगशाळा ==
१८८४ साली बिने यांचा विवाह गर्भविज्ञानाचे प्राध्यापक बाल्बियानी यांची कन्या लॉर यांच्याशी झाला. त्यांना माद्लेन आणि अलिस या दोन मुली झाल्या. सालपेत्रियेर सोडल्यानंतर हातात नोकरी नव्हती, तेव्हा त्यांनी या मुलींचेच निरीक्षण आरंभले. दोन रेषांपैकी लांब कोणती, दोन ढिगांपैकी जास्त सोंगट्या कोणत्या, असे प्रश्न ते विचारीत. अशा साध्या संवेदनांच्या बाबतीत लहान मूल प्रौढाच्या फारसे मागे नसते, असे त्यांना आढळले. मग मूल आणि प्रौढ यांच्यातील फरक कशात शोधायचा? डोळ्यांच्या आणि कानांच्या तीक्ष्णतेत नव्हे, तर लक्ष, स्मृती, आकलन आणि निर्णय यांत, असे त्यांचे मत बनत गेले. त्या काळी इंग्लंडमध्ये गाल्टन आणि अमेरिकेत कॅटेल हे संवेदनांच्या मापनावर भर देत होते. बिने यांनी वेगळी वाट धरली. दोन्ही मुलींवरील पुढील अभ्यास १९०३ साली ग्रंथरूपाने आला. त्यात त्या मार्गरित आणि आर्मांद या टोपणनावांनी येतात.

== स्मृतीचा अभ्यास ==
१८९१ मध्ये बिने सोर्बॉन येथील मानसशास्त्रीय प्रयोगशाळेत रुजू झाले आणि १८९४ पासून अखेरपर्यंत तिचे संचालक राहिले. त्याच वर्षी त्यांनी कीटकांच्या मज्जासंस्थेवर प्रबंध लिहून डॉक्टरेट मिळवली. आंरी बोनी यांच्यासह त्यांनी एक मानसशास्त्रीय वार्षिकही सुरू केले, जे आजही निघते.

याच सुमारास त्यांनी असामान्य स्मृतीच्या व्यक्ती तपासल्या. झाक इनोदी हा मूळचा इटलीतील मेंढपाळ मुलगा प्रचंड आकडेमोड तोंडी करीत असे. त्याला अंक दिसत नसत, ते आतल्या आवाजात ऐकू येत. दियामांदी या ग्रीक गणनपटूला मात्र तेच अंक डोळ्यांसमोर लिहिल्यासारखे दिसत. स्मृती ही एकजिनसी शक्ती नाही, हे यावरून स्पष्ट झाले.

शाळकरी मुलांवरचे प्रयोग यापेक्षाही मोलाचे ठरले. व्हिक्टर आंरी यांच्यासह बिने यांनी पॅरिसच्या प्राथमिक शाळांतील मुलांना सुटे शब्द आणि अर्थपूर्ण वाक्ये ऐकवली व ती आठवून लिहावयास सांगितली. सुट्या शब्दांची यादी लवकर निसटे. वाक्यातील आशय मात्र बराच टिके. आशय राखताना मुले अवघड शब्दाच्या जागी आपल्या रोजच्या वापरातला शब्द घालीत. पाठांतर घेणाऱ्या कोणत्याही शिक्षकाला हा अनुभव परिचयाचा आहे. बिने आणि आंरी यांनी तो मोजून मांडला.

== बिने-सिमों श्रेणी ==
फ्रान्समध्ये १८८२ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे झाले आणि पूर्वी शाळेत न येणारी मुले वर्गात आली. त्यांतील काही अभ्यासात फारच मागे पडत. अशा मुलांसाठी काय करावे हे ठरवण्यासाठी शिक्षण मंत्रालयाने १९०४ साली आयोग नेमला. बिने त्याचे सदस्य होते. मुलाला नेहमीच्या शाळेतून काढून विशेष वर्गात घालायचे, तर कोणाच्या शब्दावर? एकाच मुलाला निरनिराळे डॉक्टर निरनिराळी लेबले लावीत. खोडकर मूल मंद ठरे आणि शांत मंद मूल नजरेतून सुटे. चुकीच्या शिक्क्याने मुलाचे आयुष्य बदलत होते.

१९०५ च्या पहिल्या श्रेणीत सोप्याकडून अवघडाकडे जाणारे ३० प्रश्न होते. १९०८ च्या आवृत्तीत प्रश्न वयानुसार लावण्यात आले. तीन वर्षांच्या मुलाने दोन अंक आणि सहा अक्षरावयवांचे वाक्य ऐकून परत म्हणावे, चार वर्षांच्याने तीन अंक, सातव्या वर्षी पाच, बाराव्या वर्षी सात, अशी ती पायरी होती. अंक ठरावीक गतीने, कोणत्याही अंकावर जोर न देता म्हणायचे असत. तपासताना मुलाशी मायेने वागावे, पण उत्तर सुचवू नये, असा दंडक होता. सालपेत्रियेरमधला धडा येथे उपयोगी पडला. १९११ च्या आवृत्तीत पाच अंक आठव्या वर्षाकडे आणि सात अंक पंधराव्या वर्षाकडे सरकवण्यात आले. आपले कोष्टक बिने स्वतःच दुरुस्त करीत राहिले, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

अंकस्मरणाला त्यांनी श्रेणीत स्थान दिले, पण स्मृती म्हणजे बुद्धी असे मानले नाही. त्यांच्या मते निर्णयशक्ती हे बुद्धीचे मुख्य अंग. ब्रुसेल्समध्ये सुखवस्तू घरांतील मुले या श्रेणीत वयाच्या पुढे असल्याचे आढळले, तेव्हा घरातील भाषेचा परिणाम काही प्रश्नांवर होतो हेही त्यांनी मान्य केले. १९०९ च्या ग्रंथात त्यांनी बुद्धी जन्मतः ठरलेली व अचल असते या समजाला विरोध केला आणि लक्ष व स्मृती वाढवणारे व्यायाम सुचवले. मागे पडणाऱ्या मुलांसाठी खास वर्गांचा फ्रेंच कायदाही त्याच वर्षीचा.

== अखेरची वर्षे ==
विद्यापीठीय मानमरातब बिने यांच्या वाट्याला फारसा आला नाही. १९०२ साली कोलेज द फ्रान्समधील अध्यासन प्येर जाने यांना मिळाले. आंद्रे द लोर्द यांच्यासह बिने यांनी भयनाट्येही लिहिली, हे अनेकांना ठाऊक नसते. वयाच्या चौपन्नाव्या वर्षी त्यांचे पॅरिस येथे निधन झाले.

== श्रेणीचा पुढील प्रवास ==
मानसिक वयाला प्रत्यक्ष वयाने भागण्याची कल्पना जर्मन मानसशास्त्रज्ञ विल्यम स्टर्न यांनी १९१२ साली, म्हणजे बिने यांच्या मृत्यूनंतर मांडली. अमेरिकेत गॉडार्ड आणि टर्मन यांनी ही श्रेणी नेली. टर्मन यांच्या १९१६ च्या आवृत्तीत अंक उलट्या क्रमाने म्हणण्याचा प्रश्नही होता. मात्र मदतीसाठी केलेली कसोटी तेथे माणसे वगळण्यासाठी वापरली गेली. स्थलांतरितांना कमी लेखणाऱ्यांनी आणि सक्तीच्या नसबंदीच्या पुरस्कर्त्यांनी तिचा आधार घेतला. बिने यांच्या हेतूच्या हे नेमके उलट होते.

भारतात व्ही. व्ही. कामत यांनी कन्नड व मराठी भाषक मुलांसाठी तयार केलेल्या आवृत्तीचा वृत्तांत १९३४ साली प्रसिद्ध झाला. बिने-कामत कसोटी म्हणून ती परिचित आहे.

अंक उलटे म्हणताना ते धरून ठेवावे लागतात आणि त्याच वेळी फिरवावेही लागतात. या क्षमतेला आता कार्यरत स्मृती म्हणतात. बॅडली आणि हिच यांनी १९७४ साली तिचे प्रारूप मांडले. इराणमध्ये फारसी भाषक बालकांची शाब्दिक स्मृती तपासताना अंक, वाक्ये आणि निरर्थक शब्द यांची पुनरुक्ती करून घेतात, परंतु त्यासाठी केवळ भाषांतर पुरत नाही. फारसीत एक ते नऊ या अंकांपैकी ‘चहार’ वगळता सर्व नावे एकाच अक्षरावयवाची आहेत. मराठीत ‘सहा’ आणि ‘नऊ’ दोन अवयवांचे. लांब नावे ध्यानात ठेवणे थोडे अवघड जाते, म्हणून एका भाषेतील अंकस्मरणाचा आकडा दुसरीला लावता येत नाही. फारसी शब्दाच्या आरंभी जोडव्यंजन येत नाही. तेव्हा निरर्थक शब्दही त्याच धाटणीचे हवेत. शिवाय ग्रांथिक आणि बोली फारसीत अंतर आहे : पुस्तकातील ‘नान’ तेहरानच्या घराघरांत ‘नून’ होते. ग्रांथिक वाक्य ऐकून मुलाने ते बोलीत परत म्हटले, तर ती स्मृतीची चूक धरता येत नाही. अझेरी तुर्की किंवा कुर्दी बोलणाऱ्या घरांतील मुलांच्या बाबतीत हा प्रश्न अधिकच नाजूक होतो, कारण त्यांच्यासाठी फारसी ही पुष्कळदा शाळेत भेटणारी भाषा असते.