समजून घ्या : वसईच्या तटाखालची दारू आणि चिमाजी अप्पा, सुरुंगाचा अंदाज चुकला तर काय होते?

भाईंदरहून उत्तनकडे जाताना चौक गावाजवळ धारावी किल्ल्याची टेकडी लागते. समोर खाडीचे मुख आणि पलीकडे वसई. मिरा-भाईंदर पालिका हद्दीतच घोडबंदरचा किल्लाही आहे. ही दोन्ही ठिकाणे एकाच मोहिमेने जोडलेली आहेत. ती मोहीम म्हणजे चिमाजी अप्पांची वसई मोहीम. तिचा निकाल तलवारीइतकाच बंदुकीच्या दारूनेही लावला.

चिमाजी अप्पा कोण होते?

पेशवे बाळाजी विश्वनाथ आणि राधाबाई यांचे धाकटे पुत्र, थोरल्या बाजीरावांचे बंधू. १७२० मध्ये वडील गेले आणि पेशवेपद बाजीरावांकडे आले. त्यानंतर पुण्याचा कारभार, पैशांची जुळवाजुळव आणि अनेक मोहिमांचा भार चिमाजी अप्पांनी उचलला. नोव्हेंबर १७२८ मध्ये माळव्यात अमझेरा येथे त्यांनी मोगल सुभेदार गिरधर बहादूरचा पराभव केला. १७३० मध्ये मुलगा सदाशिवरावाच्या जन्मानंतर थोड्याच दिवसांत पत्नी रखमाबाईंचे निधन झाले. १७३६ मध्ये अलिबाग परिसरातील लढाईत सिद्दी सात मारला गेला. प्रकृती नाजूक असूनही त्यांची धावपळ थांबली नाही.

वसई इतकी अवघड का होती?

१७३७ मध्ये ठाणे आणि घोडबंदर मराठ्यांच्या हाती आले, पण वसई आली नाही. किल्ल्याच्या तीन बाजूंना पाणी आणि दलदल. जमिनीवरून जायची वाट फक्त उत्तरेकडून, तीही वाळूची. मुंबईच्या इंग्रजांनी पोर्तुगीजांना दारूगोळा पुरवला आणि चर्चमधील चांदी व पितळी तोफा तारण ठेवून १५ हजार रुपये कर्जही दिले. अखेर मार्च १७३९ मध्ये धारावी मराठ्यांनी घेतली. त्यामुळे खाडीच्या तोंडावर नजर ठेवता आली आणि वसईची समुद्राकडची रसद आवळली गेली.

सुरुंग कसा काम करतो?

जमिनीखालून बोगदा खणत तटापर्यंत जायचे. टोकाला दारू भरायची आणि मागची वाट माती-दगडांनी घट्ट बुजवायची, म्हणजे स्फोटाचा जोर मागे न येता वर तटाकडे जातो. मग वात पेटवायची.

ऐकायला सोपे वाटते, पण चुकायच्या जागा पुष्कळ आहेत. काळ्या दारूत साधारण ७५ टक्के सोरा, १५ टक्के कोळसा आणि १० टक्के गंधक असतो. सोरा अशुद्ध असेल तर तो हवेतली ओल शोषतो आणि दारू मंद जळते. दारू कमी पडली तर तटाला फक्त तडा जातो. जास्त झाली तर दगड आपल्याच खंदकात कोसळतात. वात अंदाजापेक्षा हळू जळली तर त्याचा परिणाम सर्वात वाईट होतो.

वसईत नेमके काय घडले?

मे १७३९ च्या दुसऱ्या आठवड्यात निर्णायक हल्ला झाला. रेमेडियस आणि सेंट सेबॅस्टियन बुरुजांकडे सुरुंग पेरले होते. काही उडाले, तटाला खिंडार पडले आणि मराठे आत धावले. पण काही सुरुंग वेळेवर उडालेच नाहीत. ते उशिरा उडाले, तेव्हा त्यांच्यावर हल्ला करणारी आपलीच माणसे होती. मागे हटायची वेळ आली, तरी हल्ले सुरू राहिले. १६ मे रोजी पोर्तुगीज कप्तान काएतानो द सौझा परेरा याने शरणागतीच्या अटी मान्य केल्या. चिमाजी अप्पांनी शत्रूला सामानसुमान आणि कुटुंबकबिल्यासह सन्मानाने जाऊ दिले. २३ मे रोजी किल्ला रिकामा झाला. मराठ्यांकडील हानी हजारांत गेली होती.

दारूचे मोजमाप कधी सुरू झाले?

वसईनंतर तीनच वर्षांनी, १७४२ मध्ये, बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञाने तोफविद्येवर ग्रंथ लिहिला. टांगलेल्या लाकडी ठोकळ्यावर गोळी मारायची आणि ठोकळा किती झुलला यावरून गोळीचा वेग काढायचा, ही त्याची युक्ती. किती दारूला किती वेग, हे आता आकड्यात सांगता येऊ लागले. पुढे तो ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत भारतात आला आणि १७५१ मध्ये इथेच वारला.

आज याचा संबंध काय?

रिव्हॉल्व्हरच्या काडतुसातही तोच प्रश्न असतो. .३८ स्पेशल काडतुसात धूरविरहित दारू सहसा अर्ध्या ग्रॅमहूनही कमी लागते. पण ही पुंगळी मुळात काळ्या दारूसाठी घडलेली असल्याने आत बरीच जागा उरते. चुकून दुप्पट दारू पडली तरी ती मावते आणि चक्री फुटू शकते. म्हणूनच परदेशात हाताने काडतुसे भरणारे उत्पादकाचा छापील तक्ता पाहतात, कमी मापापासून सुरुवात करतात, दारू वजन करून घेतात आणि प्रत्येक पुंगळीत डोकावून पाहतात. आपल्याकडे परवान्याशिवाय काडतुसे बनवणे शस्त्र कायदा, १९५९ नुसार गुन्हा आहे. हे काम १८६९ पासूनच्या खडकीच्या दारूगोळा कारखान्यासारख्या ठिकाणी चालते.

पुढे काय झाले?

एप्रिल १७४० मध्ये बाजीराव गेले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये चिमाजी अप्पाही गेले. वय जेमतेम तेहतीस. त्यांनी वसईसाठी बोललेल्या नवसातून वज्रेश्वरीचे मंदिर उभे राहिले, असे सांगितले जाते. वसईकडच्या चर्चच्या घंटा नाशिकच्या नारोशंकर मंदिरात आणि मेणवलीत आजही आहेत. तटाजवळ उशिरा उडालेल्या सुरुंगांखाली जे गेले, त्यांची नावे मात्र कुठल्याच घंटेवर नाहीत. पुढच्या वेळी धारावीच्या टेकडीवर गेलात, तर पलीकडच्या तटाकडे पाहताना त्यांचीही आठवण ठेवा.