भारहूतचा स्तूप सापडला, पण हा गडी तिथे थांबला नाही. आधी भद्रावतीची लेणी बघायला आला

१८७३ च्या नोव्हेंबरचे शेवटचे दिवस. आजच्या मध्य प्रदेशात, सतन्याजवळच्या भारहूत गावात एक इंग्रज अधिकारी मातीत अर्धे गाडले गेलेले कोरीव खांब बघत उभा होता. स्तूपाच्या विटा-दगड आजूबाजूच्या गावकऱ्यांनी घरं बांधायला नेले होते. तरी जे उरलं होतं ते दोन हजार वर्षं जुनं होतं. भारताच्या इतिहासातला तो एक मोठा शोध ठरणार होता.

आता असं घबाड हाती लागल्यावर कुणीही तिथेच तंबू ठोकला असता. पण या माणसाचा नागपूरकडचा दौरा आधीच ठरला होता. त्याने भारहूतची खोदाई परतीच्या वाटेवर ढकलली आणि तो दक्षिणेकडे निघाला.

त्या दौऱ्यात तो पोहोचला चांदा जिल्ह्यात. म्हणजे आजच्या चंद्रपूर आणि गडचिरोलीत. तेव्हा हा एकच जिल्हा होता, गडचिरोली वेगळा झाला तो थेट १९८२ साली.

त्या माणसाचं नाव अलेक्झांडर कनिंगहॅम. भारतीय पुरातत्त्व खात्याचा पहिला प्रमुख.

पण भारहूत सोडून यावं असं आपल्या जंगलात होतं तरी काय? ते समजून घ्यायला थोडं मागे जायला लागतं.

कनिंगहॅमचा जन्म २३ जानेवारी १८१४ चा, लंडनचा. वडील ॲलन कनिंगहॅम हे स्कॉटिश कवी. पोरगं मात्र इंजिनियर झालं आणि १९ व्या वर्षी कंपनीच्या फौजेत नोकरी करायला कलकत्त्यात उतरलं. तिथे त्याची ओळख झाली जेम्स प्रिन्सेपशी. ब्राह्मी लिपी उलगडणारा तो हाच प्रिन्सेप. त्याच्या नादाने कनिंगहॅमला जुन्या नाण्यांचं आणि शिलालेखांचं वेड लागलं.

एकविशीतच त्याने पदरचे पैसे घालून सारनाथला खोदकाम केलं. भरपूर मूर्ती निघाल्या. काही कलकत्त्याला गेल्या, उरलेल्या तिथेच राहिल्या. पुढे वरुणा नदीवर पूल बांधताना पाण्याने तळ खचू नये म्हणून त्यातल्या डझनावारी मूर्ती सरळ नदीत टाकल्या गेल्या.

सापडलेली गोष्ट नीट नोंदवली नाही आणि राखली नाही, तर ती दुसऱ्यांदा हरवते. कनिंगहॅमच्या वाट्याला हा अनुभव तरुणपणीच आला.

त्याच्या आयुष्यातला दुसरा मोठा टप्पा म्हणजे लडाख. १८४६ साली अमृतसरचा तह झाला, जम्मू-काश्मीर गुलाबसिंगांकडे गेलं आणि प्रश्न उभा राहिला की लडाखची हद्द नेमकी कुठे संपते आणि तिबेट कुठे सुरू होतो. १८४७ मध्ये यासाठी आयोग नेमला, त्याचा प्रमुख कनिंगहॅम. सोबत थॉमस थॉमसन आणि हेन्री स्ट्रॅची. पलीकडच्या बाजूचे अधिकारी हद्द ठरवायला आलेच नाहीत.

हद्दीचं काम अडलं, पण कनिंगहॅमने दौरा वाया जाऊ दिला नाही. खिंडी, नद्या, उंचावरची खारी सरोवरं, तिथली माणसं, व्यापार, जुना इतिहास, सगळं टिपून घेतलं. त्यातून १८५४ साली लडाखवरचा जाडजूड ग्रंथ आला. ज्या कामाला गेलो ते झालं नाही तरी जे दिसलं ते मोजून लिहून ठेवायचं, ही पद्धत त्याने पुढे आयुष्यभर सोडली नाही.

१८६१ मध्ये तो मेजर जनरल म्हणून फौजेतून निवृत्त झाला आणि त्याच वर्षी व्हाईसरॉय कॅनिंगने त्याच्याकडे पुरातत्त्व सर्वेक्षणाचं काम दिलं. १८६६ मध्ये सरकारने पैसे वाचवायला ते बंद केलं. काही वर्षांनी पुन्हा सुरू झालं, तेव्हा कनिंगहॅम प्रमुख म्हणून परत आला.

त्याच्या दौऱ्यांचा नकाशा होता एका चिनी भिक्खूचा. ह्युएनत्संग. सातव्या शतकात हा भिक्खू भारतभर फिरला. आपल्याकडे दुसऱ्या पुलकेशीच्या राज्यात येऊन गेला, तोच हा. तो कुठून कुठे गेला, कोणत्या दिशेने, किती अंतर, हे त्याने लिहून ठेवलं होतं. युरोपात त्याचं भाषांतर झालं आणि कनिंगहॅम ते अंतर मोजत हरवलेली शहरं शोधू लागला.

आता येतो आपला चांदा.

ह्युएनत्संगने कोसल नावाच्या राज्याचं वर्णन केलंय. हा अयोध्येचा कोसल नव्हे, दक्षिणेतला कोसल. राजा बौद्ध, राज्यात शंभरेक विहार आणि नागार्जुनाची आठवण सांगणारा मुलूख. या राज्याची राजधानी कुठे होती, हे कोड्यात होतं.

१८७१ च्या आपल्या प्राचीन भूगोलावरच्या पुस्तकात कनिंगहॅमने बोट ठेवलं होतं चांद्याकडे. जेम्स फर्ग्युसन हा स्थापत्याचा मोठा अभ्यासक. त्याचं मत पडलं वैरागडला, म्हणजे आजच्या गडचिरोलीतल्या आरमोरी तालुक्यातल्या गावाला. वैरागड हिऱ्यांच्या खाणींसाठी जुनं नावाजलेलं, आईन-ए-अकबरीतही त्याचा उल्लेख आहे.

म्हणजे दोन मोठे अभ्यासक एका हरवलेल्या राजधानीवरून अडून बसले होते आणि दोघांच्याही जागा आपल्याच जंगलपट्ट्यात होत्या. घरी बसून हा वाद मिटणारा नव्हता. म्हणून हा माणूस साठीच्या उंबरठ्यावर चांद्यात आला. चांद्याला तेव्हा रेल्वेही नव्हती.

त्याने गाठलं भांदक, म्हणजे आजचं भद्रावती. नागपूरहून चंद्रपूरला जाताना लागतं ते.

इथे विजासन टेकडीत लेणी आहेत. अजिंठ्यासारखा दर्शनी थाट इथे नाही. टेकडीत सरळ आत एक लांब बोगदा खोदलाय, सुमारे ७१ फूट. त्याच्या शेवटी अंधारात बुद्धाची बसलेली भव्य मूर्ती. बोगद्याच्या दोन्ही बाजूंना आणखी दोन वाटा फुटतात आणि त्यांच्या टोकालाही मूर्ती आहेत.

गावाभोवती तळी. त्यातल्या डोलारा तलावात एक बेट आहे आणि तिथे जायला जुना दगडी पूल. या पुलाला कमान नाही. जाड दगडी खांबांच्या दोन रांगा आणि त्यावर आडव्या टाकलेल्या दगडी तुळया, बास.

कनिंगहॅमने हे सगळं पाहिलं, मोजलं, नकाशे काढले. बौद्ध लेणी, जुनी मंदिरं, मूर्ती, तळी, इतके अवशेष म्हणजे इथे मोठं शहर होतंच. राजधानी भांदकच, असं त्याचं मत पक्कं झालं. वैरागडला असे बौद्ध अवशेष नव्हते.

तिथून पुढचा मुक्काम होता मार्कंडा. चामोर्शी तालुक्यात वैनगंगा वळण घेऊन उत्तरेकडे वाहते, तिथे काठावर हजारेक वर्षं जुन्या मंदिरांचा समूह आहे. महाशिवरात्रीची मोठी जत्रा भरते ती हीच जागा.

राजधानीच्या वादाशी मार्कंड्याचा काही संबंध नव्हता. शैव मंदिरं, ह्युएनत्संगच्या कितीतरी नंतरची. तरी कनिंगहॅमने काम टाळलं नाही. १९६ फूट लांब आणि ११८ फूट रुंद आवार, त्यात वीसहून अधिक लहानमोठी मंदिरं, भिंतींवर मूर्तींच्या रांगा. त्याला थेट खजुराहो आठवलं. त्याचा सहकारी जोसेफ बेग्लर याने इथले फोटो काढले.

मुख्य मंदिर तेव्हाही धड नव्हतं. काही पिढ्यांपूर्वी वीज पडून शिखर आणि मंडप ढासळला, नंतर गोंड राजाने डागडुजी केली, असं गावकऱ्यांनी त्याला सांगितलं. तेही त्याने लिहून घेतलं.

फेब्रुवारी १८७४ मध्ये तो भारहूतला परतला आणि खोदाई झाली. कठड्याचे दगड पुढे कलकत्त्याच्या संग्रहालयात गेले. जागेवर ठेवले तर उरणार नाहीत, हे कारण होतं. पण मूळ गाव उघडं पडलं आणि साहेबी कारभारात असे निर्णय घेताना गावाला कुणी विचारत नव्हतं, हेही खरंच.

कनिंगहॅम १८८५ मध्ये निवृत्त झाला. त्याच वर्षी त्याच्या संग्रहातली नाणी आणि फोटो घेऊन निघालेलं इंडस नावाचं जहाज श्रीलंकेजवळ बुडालं. मौल्यवान नाणी तेवढी वाचली. २८ नोव्हेंबर १८९३ ला लंडनमध्ये तो वारला.

मग राजधानीचं काय झालं? बहुतेक अभ्यासक आज ह्युएनत्संगच्या कोसलची राजधानी छत्तीसगडमधलं सिरपूर मानतात. तिथे १९५० च्या दशकात उत्खनन झालं आणि विहार निघाले. गंमत म्हणजे १८८१-८२ च्या दौऱ्यात कनिंगहॅम सिरपूरलाही जाऊन आला होता.

थोडक्यात, ज्या प्रश्नासाठी तो चांद्यात आला त्याचं त्याने काढलेलं उत्तर बहुधा चुकलं. त्याच्यावर आणखी एक टीका होते, की चिनी प्रवाशांच्या नजरेने बघताना त्याने बौद्ध अवशेषांना जास्त वजन दिलं आणि बाकीच्या इतिहासाला कमी.

पण त्याची मापं चुकली नाहीत. भांदक आणि मार्कंड्याचे नकाशे, वर्णनं त्याच्या अहवालमालेच्या नवव्या खंडात आहेत, १८७३-७४ मध्ये जसं होतं तसं. सगळे मिळून असे २३ खंड आहेत.

अलीकडच्या काळात मार्कंड्याच्या मुख्य मंदिराचे दगड उतरवून ते नव्याने रचायचं काम पुरातत्त्व खात्याने हाती घेतलं आणि ते रखडल्याच्या बातम्या वर्षानुवर्षं येत राहिल्या. उतरवलेला दगड पुन्हा नेमक्या जागी बसवायचा तर तो आधी कुठे होता हे कळायला लागतं. तेव्हा कामाला येतात जुनी मापं, जुने नकाशे आणि दीडशे वर्षांपूर्वीचे फोटो.

ताडोबाला जाताना गाडी भद्रावतीवरून जाणार असेल, तर तासभर काढून विजासनच्या त्या बोगद्यात शिरून या. मोबाईलचा टॉर्च लावा, आतल्या मूर्ती उजेडाशिवाय दिसत नाहीत.