औंधच्या राजांचा बिनखर्चाचा व्यायाम

सातारा जिल्ह्यातील औंध म्हटले की यमाई देवीचा डोंगर आणि तिथले संग्रहालय आठवते. हे संग्रहालय उभारणारे श्रीमंत भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे चित्रकार होते, कीर्तनकार होते आणि संस्थानाचा कारभार प्रजेच्या हाती सोपवणारे राजेही होते. व्यायामाच्या इतिहासात मात्र त्यांचे नाव सूर्यनमस्कारांशी जोडले गेले आहे. या व्यायामापर्यंत ते कसे पोहोचले, ही गोष्ट आजच्या काळात मुद्दाम सांगण्यासारखी आहे.

बाळासाहेबांचा जन्म २४ ऑक्टोबर १८६८ चा. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकून ते पदवीधर झाले. त्या काळात युजेन सँडो या युरोपीय बलवानाचे नाव जगभर गाजत होते. त्याची पीळदार शरीराची छायाचित्रे, पुस्तके आणि व्यायामाची साधने दूरदूर विकली जात. बाळासाहेबही त्याचे भक्त झाले. त्यांनी सँडोची साधने आणि पुस्तके मागवली आणि सुमारे दहा वर्षे निष्ठेने त्याच्या पद्धतीने व्यायाम केला.

पुढे १९०८ च्या सुमारास मिरजेच्या संस्थानिकांच्या सूचनेवरून त्यांनी नियमित सूर्यनमस्कार सुरू केले. त्याला ना यंत्र लागत होते, ना स्प्रिंगचे डंबेल. लागत होती ती माणूसभर जागा. हवी ती साधने विकत घेण्याची ऐपत असलेला हा माणूस त्यानंतर जन्मभर याच व्यायामाला धरून राहिला. १९०९ मध्ये ते औंधच्या गादीवर आले आणि संस्थानातील शाळांत त्यांनी सूर्यनमस्कार सक्तीचे केले. जो व्यायाम राजवाड्यात, तोच शेतकऱ्याच्या मुलामुलींना. व्यायामावर पैसा खर्च करणे ज्यांच्या आवाक्यात नाही, त्यांनाही ताकद कमावता आली पाहिजे, हा त्यामागचा व्यवहार होता.

वैद्यकीय नजरेने पाहिले तर त्यांच्या नमस्कारात काय होते? त्यांच्या पद्धतीत दहा स्थिती होत्या. खाली वाकताना मांडीमागचे स्नायू ताणले जातात. पाय मागे नेल्यावर खांदे, पोट आणि पाठ शरीर सरळ धरून ठेवतात. छाती खाली नेऊन वर उचलताना दंड आणि छातीचे स्नायू काम करतात; हा आपल्या जुन्या जोरांचाच भाऊ. जोर काढताना तर शरीराच्या निम्म्याहून अधिक वजनाचा भार हातांवर येतो. स्नायूला भार लोखंडाचा आहे की स्वतःच्या शरीराचा, हे कळत नाही. त्याला कळतो तो ताण. ताण सवयीपेक्षा थोडा जास्त असेल, पुन्हापुन्हा मिळाला आणि मध्ये विश्रांती व पुरेसे प्रथिन मिळाले, की स्नायू बळकट होतो.

बाळासाहेबांनी १९२८ मध्ये सूर्यनमस्कारांवर पुस्तक लिहिले. १९३६ मध्ये ते इंग्लंडला गेले, तेव्हा साठी ओलांडलेल्या या राजाची तब्येत पाहून तिथल्या वृत्तपत्रांचे कुतूहल जागे झाले. पत्रकार लुईझ मॉर्गन यांच्या प्रयत्नांतून १९३८ मध्ये त्यांचे इंग्रजी पुस्तक लंडनमध्ये प्रसिद्ध झाले. त्यांचे चिरंजीव अप्पासाहेब पंत पुढे परराष्ट्र सेवेत गेले. त्यांनीही या व्यायामावर पुस्तक लिहिले. बाळासाहेबांचे निधन १३ एप्रिल १९५१ रोजी, वयाच्या ८३ व्या वर्षी झाले.

इथे डॉक्टर म्हणून दोन गोष्टी सांगायला हव्यात. सूर्यनमस्कारांनी बहुतेक सगळे आजार दूर राहतात, असा बाळासाहेबांचा विश्वास होता. तो जसाच्या तसा स्वीकारता येत नाही. एका माणसाचे दीर्घायुष्य हा पुरावा नव्हे, आणि मधुमेहाची किंवा रक्तदाबाची गोळी नमस्कारांच्या भरवशावर बंद करू नये. दुसरे म्हणजे हा व्यायाम चांगला असला तरी पुरता नाही. त्यात ओढण्याची क्रिया नाही आणि मांड्यांना बैठकांइतका भार मिळत नाही.

मांड्यांचा मुद्दा किरकोळ नाही. चाळिशीच्या आसपास स्नायू हळूहळू घटू लागतात आणि साठीनंतर हा वेग वाढतो. सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात हाताचा आधार घेतल्याशिवाय बाकावरून उठता न येणारे रुग्ण रोज दिसतात. रोज फिरायला जातो, असे त्यातले कित्येक सांगतात. चालणे हृदयासाठी उत्तम, पण ताकदीचा व्यायाम वेगळा करावा लागतो. मांड्या दुबळ्या झाल्या की माणूस पडतो, खुब्याचे हाड मोडते आणि मग अंथरुण धरतो. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्यातून किमान दोन दिवस मोठ्या स्नायूंचा ताकदीचा व्यायाम सुचवते, तो यासाठीच.

सुरुवात घरीच होऊ शकते. भक्कम खुर्चीवरून हात न टेकता उठणे-बसणे दहा वेळा. भिंतीला हात लावून जोर दहा वेळा. ते सोपे झाले की ओट्याला, मग जमिनीवर. पाण्याने अर्धी भरलेली बादली पाठ सरळ ठेवून, गुडघे वाकवून उचलणे आणि ठेवणे. जमत असेल तर चार-पाच सूर्यनमस्कार. श्वास कोंडू नये. दर आठवड्याला एक-दोन आवर्तने वाढवावीत. हृदयविकार, काचबिंदू, मणक्याचा त्रास किंवा आटोक्यात नसलेला रक्तदाब असेल, तर आधी डॉक्टरांना विचारावे. अशांनी डोके खाली जाणाऱ्या स्थिती परस्पर सुरू करू नयेत.

बाळासाहेबांनी दहा वर्षे साधने वापरून पाहिली आणि मग चार दशके बिनसाधनांचा व्यायाम केला. जिमला जाणाऱ्यांनी जरूर जावे. पण जिमची फी परवडत नाही म्हणून व्यायाम राहिला, असे मात्र कुणाला म्हणावे लागू नये.