टाकणखारातून निघालेले ‘शामक मीठ’

कॅरमच्या बोर्डावर भुरभुरली जाणारी पांढरी पावडर म्हणजे बोरिक आम्ल. सोनार डाख लावताना वापरतो तो टाकणखार, म्हणजेच सवागी, हाही त्याच बोरॉन कुळातला. टाकणखारातून हे आम्ल पहिल्यांदा वेगळे काढण्याचे श्रेय विल्हेल्म होंबर्ग यांना दिले जाते. ते वैद्य होते आणि या पांढऱ्या पदार्थात त्यांना औषध दिसले.

होंबर्ग यांचा जन्म १६५२ साली जावा बेटावरील बटाव्हिया येथे, म्हणजे आजच्या जकार्तात झाला. त्यांचे वडील मूळचे जर्मन, नोकरी डच ईस्ट इंडिया कंपनीत. पुढे कुटुंब युरोपात परतले. होंबर्ग कायदा शिकले आणि १६७४ मध्ये माग्डेबुर्ग येथे वकिली करू लागले. तेथे निर्वात पोकळीच्या प्रयोगांसाठी गाजलेले ऑटो फॉन गेरिके यांच्याशी त्यांची ओळख झाली आणि वकिलीतले मन उडाले. इटलीत वैद्यक, लंडनमध्ये रॉबर्ट बॉइल यांच्याकडे रसायनशास्त्र असे शिकत ते अखेर पॅरिसला स्थिरावले. १६९१ मध्ये तेथील विज्ञान अकादमीने त्यांना सदस्य करून घेतले.

पुढे ड्यूक ऑफ ऑर्लिन्स यांनी त्यांना आश्रय दिला. राजाच्या या पुतण्याला रसायनशास्त्राचा छंद होता. त्यांच्या राजवाड्यात सुसज्ज प्रयोगशाळा होती आणि जवळजवळ तीन फूट व्यासाचे एक भिंगही. त्यातून एकवटलेल्या उन्हाने होंबर्ग सोने वितळवत.

त्या काळी तिबेटमधल्या सरोवरांकाठचा टाकणखार हिंदुस्थानमार्गे युरोपात जात असे. तव्यावर तापवला की त्यातले पाणी निघून जाते आणि तो फुलून लाही होतो, हे आपल्याकडे वैद्यांना माहीत होतेच. होंबर्ग यांनी १७०२ मध्ये वेगळा प्रयोग मांडला. टाकणखार आणि हिराकस यांची द्रावणे एकत्र करून त्यांनी ती ऊर्ध्वपातनाच्या भांड्यात तापवली. भांड्याच्या गळ्याशी पांढरे, हलके पापुद्रे जमले. बोरिक आम्ल पाण्याच्या वाफेबरोबर वर चढते, म्हणून ते तेथवर पोहोचले होते.

होंबर्ग यांना मात्र वाटले, की हा पदार्थ हिराकशीतून आला. तो झटके आणि तापातली बडबड शांत करतो, असाही त्यांचा समज झाला. म्हणून त्यांनी त्याला ‘शामक मीठ’ म्हटले. दोन्ही समज चुकीचे होते, पण नाव शतकभर टिकले.

१७१२ साल त्यांच्यावर संकट घेऊन आले. चौदाव्या लुईचा नातू, नातसून आणि पणतू काही आठवड्यांच्या अंतराने दगावले. बहुधा गोवराने. पण विषप्रयोगाची अफवा उठली आणि बोट थेट ड्यूककडे गेले, कारण त्यांच्या वाड्यात रसायनांच्या भट्ट्या होत्या. भट्ट्या सांभाळणारा माणूसही आपोआप संशयित ठरला. होंबर्ग स्वतःहून बॅस्तीलच्या तुरुंगापाशी गेले आणि आपल्याला आत घ्या, चौकशी करा, असे सांगू लागले. राजाचा हुकूम नसल्याने त्यांना परत पाठवण्यात आले. चौकशी झालीच नाही, त्यामुळे निर्दोष ठरण्याची संधीही मिळाली नाही. १ सप्टेंबर १७१५ रोजी राजा वारला आणि ज्यांच्यावर संशय होता तेच ड्यूक राज्याचे कारभारी झाले. त्याच महिन्याच्या २४ तारखेला होंबर्ग यांचेही निधन झाले.

त्यांच्या चुका इतरांनी दुरुस्त केल्या. लुई लेमरी यांनी १७२८ मध्ये दाखवले, की हिराकशीऐवजी दुसरे आम्ल घातले तरी तोच पदार्थ मिळतो. म्हणजे तो टाकणखारातलाच. १७३२ मध्ये क्लोद जोफ्रुआ यांना आढळले, की तो मद्यार्कात मिसळून पेटवला तर ज्योत हिरवी होते. बोरॉन ओळखण्याची ही खूण शाळा-कॉलेजच्या प्रयोगशाळेत आजही वापरतात. बोरिक आम्ल तापवत नेले, की टप्प्याटप्प्याने पाणी सोडते आणि शेवटी काचेसारखे बोरॉन ऑक्साइड उरते. याच ऑक्साइडमधून १८०८ मध्ये पोटॅशियमच्या साहाय्याने बोरॉन मुक्त करण्यात आले.

औषध म्हणूनही त्याची ओळख बदलली. १८७०च्या दशकात जोसेफ लिस्टर यांनी ते जखमेच्या मलमपट्टीत जंतुनाशक म्हणून वापरले. पुढे मात्र ते उघड्या जखमेतून शरीरात शिरते आणि लहान बाळांना त्याची विषबाधा होऊ शकते, हे स्पष्ट झाले. म्हणून बाळाच्या अंगाला किंवा चिघळलेल्या त्वचेला बोरिक पावडर लावू नये आणि कॅरमची डबी मुलांच्या तोंडाशी जाणार नाही अशी ठेवावी. ज्या माणसावर विषाचा खोटा आळ आला, त्याच्या ‘शामक’ मिठाचा विषारी गुण मात्र खरा निघाला.