‘मित्र’ चालविणारे मित्र : माधवराव सप्रे

मंडळाचा सुवर्णमहोत्सव साजरा होत असताना पन्नास वर्षांचा जमाखर्च मांडला जाणे स्वाभाविक आहे. गणेशोत्सव किती झाले, नाटके कोणती बसविली, वास्तू कोणाच्या देणगीतून उभी राहिली, हे सारे या स्मरणिकेच्या पानांतून अन्यत्र येईलच. आम्हांला मात्र या निमित्ताने एका निराळ्या खात्याकडे वाचकांचे लक्ष वेधावयाचे आहे. परप्रांतात आलेल्या माणसाच्या पाठीशी कोण उभे राहिले आणि तो पुढे कोणाच्या पाठीशी उभा राहिला, याचे ते खाते. त्याची वही कोणी ठेवीत नाही. पण मंडळे चालतात ती त्याच्याच शिलकीवर.

रायपुरात राहणाऱ्या आपणां सर्वांच्या तोंडी दोन नावे नेहमी असतात. बूढापाऱ्यातील सप्रे शाळा व तिचे मैदान हे एक. लाखेनगर हे दुसरे. रिक्षावाल्याला पत्ता सांगताना आपण ही नावे सहज उच्चारतो. परंतु ही दोन नावे ज्यांची, ते माधवराव सप्रे आणि वामन बळीराम लाखे हे परस्परांचे स्नेही होते आणि त्यांच्या स्नेहातून छत्तीसगढच्या पत्रकारितेचा जन्म झाला, हे आपल्या मुलाबाळांपैकी कितींना ठाऊक असेल? म्हणूनच आज माधवरावांचे चरित्र थोडक्यात सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

माधवरावांचा जन्म १९ जून १८७१ रोजी आजच्या मध्य प्रदेशातील दमोह जिल्ह्यात पथरिया या गावी झाला. घराणे मराठी, परंतु पोटापाण्याच्या निमित्ताने महाराष्ट्रापासून दूर आलेले. आपल्यापैकी अनेकांच्या पणजोबांची हकीकत याहून वेगळी नसेल. वडिलांमागोमाग कुटुंब बिलासपूरला आले. तेथील प्राथमिक शिक्षण संपवून माधवराव पुढच्या शिक्षणासाठी रायपूरला आले आणि येथे त्यांना नंदलाल दुबे हे शिक्षक लाभले. दुबे स्वतः हिंदीचे लेखक होते. घरात मराठी बोलणाऱ्या या मुलाच्या मनात हिंदी साहित्याची गोडी त्यांनी लावली. पुढे ज्याने हिंदी गद्याच्या घडणीला हातभार लावला, त्याचा हात प्रथम धरला तो या शाळामास्तरांनी. चरित्रकारांच्या लेखी अशा गुरुजींना एखाददुसरी ओळ मिळते. वस्तुतः पुढचे सारे त्या ओळीवर उभे असते.

जबलपूर, ग्वाल्हेर, नागपूर अशा ठिकाणी शिक्षण घेत एकोणिसावे शतक संपता संपता माधवराव कलकत्ता विद्यापीठाचे पदवीधर झाले. त्या काळी बी. ए. झालेल्या तरुणाला सरकारी नोकरीचे दार सताड उघडे असे. माधवरावांनी त्या दाराकडे पाठ फिरवली आणि ते पेंड्रा येथील राजकुमाराचे शिक्षक झाले. तेथील पगारातून पोट भरावे आणि उरलेल्या वेळात व पैशात एक मासिक चालवावे, असा त्यांचा बेत होता.

बेत एकट्याच्या बळावर तडीस जाण्यासारखा नव्हता. पेंड्रा हे त्या वेळी जंगल-डोंगरांत वसलेले लहानसे गाव. तेथे छपाईची सोय नाही, आसपास वाचणाऱ्यांची वस्ती विरळ. अशा वेळी दोन मित्र पुढे आले. रामराव चिंचोलकर यांनी संपादनात भागी घेतली आणि रायपूरच्या वामनराव लाखे यांनी प्रकाशनाची जबाबदारी पत्करली. जानेवारी १९०० मध्ये ‘छत्तीसगढ मित्र’ हे मासिक निघाले. छत्तीसगढमधील हे पहिले नियतकालिक होय. काढणारे तिघेही मराठी आणि मासिक हिंदी, ही गोष्ट आम्हांला फार महत्त्वाची वाटते. तिघे एकत्र आले ते मराठीपणाच्या धाग्याने, असे मानावयास हरकत नाही. परंतु एकत्र येऊन त्यांनी जे केले ते ज्या भूमीने आश्रय दिला तिच्या भाषेसाठी केले.

या तिघांच्या कामाची वाटणी पाहिली म्हणजे स्नेहाचा व्यवहारही किती नेटका असू शकतो ते ध्यानी येते. माधवराव पेंड्र्यात बसून लिहीत. संपादनाचा भार वाहावयास चिंचोलकर होतेच. लाखे रायपुरात प्रकाशनाची बाजू पाहत. छपाई पुढे नागपूरच्या देशसेवक छापखान्यात होऊ लागली. लेखकाचे नाव गाजते, प्रकाशकाच्या वाट्याला हिशेब येतो. पण हिशेब पाहणारा नसता तर लेखकाचे नाव गाजले असते कोठे?

‘मित्रा’ने खुशामतीचा धंदा केला नाही. नव्या पुस्तकांची परखड समालोचना हे त्याचे वैशिष्ट्य होते. गुण दिसला तर मोकळेपणाने वाखाणावा आणि दोष दिसला तर तोही स्पष्ट सांगावा, या रीतीने हिंदीतील मान्यवरांच्या ग्रंथांचीही चिकित्सा तेथे झाली. १९०१ साली याच मासिकात माधवरावांची ‘एक टोकरी भर मिट्टी’ ही कथा आली. जमीनदाराने एका अनाथ विधवेची झोपडी बळकावली. तिने झोपडीतील टोपलीभर माती नेण्याची परवानगी मागितली आणि टोपली उचलून देण्याची विनंती त्याच जमीनदाराला केली. त्याला ती हलेना. मग एवढ्या जमिनीचा भार जन्मभर कसा पेलणार, असे तिने विचारले आणि त्याचे डोळे उघडले. हिंदीतील आरंभीच्या कथांत या छोट्या कथेला मानाचे स्थान आहे.

गुण होते, कष्ट होते. पैसा मात्र नव्हता. वर्गणीदार थोडे आणि तोटा ठरलेला. तीन वर्षे रेटून अखेर डिसेंबर १९०२ मध्ये मासिक बंद पडले. येथे एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. भागीतला धंदा बुडाला म्हणजे भागीदार परस्परांचे तोंड पाहीनासे होतात, हा जगाचा अनुभव आहे. ‘मित्र’ बंद पडला, पण तो चालविणाऱ्यांची उमेद बुडाली नाही. वामनराव लाखे पुढे रायपूरच्या सार्वजनिक जीवनाचे आधारस्तंभ झाले. १९१३ साली येथे सहकारी बँक उभी राहिली ती त्यांच्या पुढाकाराने. ज्याला सावकाराच्या दारी जाण्यावाचून गती नव्हती, त्या शेतकऱ्याला इतर शेतकऱ्यांच्या विश्वासावर कर्ज मिळावे, हे सहकाराचे तत्त्व. तीन मित्रांच्या मासिकात त्यांनी जे लहान प्रमाणावर केले, तेच येथे मोठ्या प्रमाणावर केले असे आम्हांला वाटते. सरकारने दिलेली पदवी त्यांनी १९२० साली असहकाराच्या काळात परत केली, आणि देश स्वतंत्र झालेला पाहून १९४८ साली त्यांनी देह ठेवला.

माधवरावांकडे पुन्हा वळू. काशीच्या नागरी प्रचारिणी सभेने हिंदीत शास्त्रीय परिभाषेचा कोश करावयास घेतला, तेव्हा अर्थशास्त्राच्या शब्दांचे काम त्यांच्याकडे आले. १९०६ साली त्यांनी नागपुरात ‘हिंदी ग्रंथमाला’ सुरू केली. ‘सरस्वती’चे संपादक महावीरप्रसाद द्विवेदी यांनी मिल या इंग्रज तत्त्वज्ञाच्या ग्रंथाचा केलेला ‘स्वाधीनता’ हा अनुवाद या मालेतून बाहेर आला, आणि माधवरावांचे निबंध ‘सरस्वती’त येत राहिले. एकमेकांच्या लेखणीला जागा देण्याचा हा व्यवहार दोघांनीही निष्ठेने सांभाळला.

लोकमान्यांचे विचार हिंदी भाषिकांपर्यंत पोहोचावेत म्हणून १३ एप्रिल १९०७ रोजी माधवरावांनी नागपुरातून ‘हिंदी केसरी’ काढला. जुलै १९०८ मध्ये लोकमान्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि पुढच्याच महिन्यात माधवरावांना राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक झाली.

आता जो प्रसंग सांगावयाचा, तो चरित्रलेखक बहुधा भरभर ओलांडून जातात. आम्हांला मात्र तो या चरित्राचा गाभा वाटतो. माधवराव तुरुंगात असताना घरचे लोक हवालदिल झाले. पित्यासमान असलेल्या वडीलबंधूंनी माफी लिहून देण्याविषयी निर्वाणीचा आग्रह धरला. हा आग्रह द्वेषाचा नव्हता, मायेचा होता. आणि म्हणूनच तो मोडणे कठीण होते. माधवरावांनी माफीपत्रावर सही केली आणि वर्ष संपण्याच्या आत ते सुटून आले. शरीर सुटले, मन मात्र त्या सहीत अडकून पडले. ज्यांच्या नावाने पत्र काढले ते लोकमान्य मंडालेच्या तुरुंगात आणि आपण घरी, हे शल्य त्यांना जन्मभर पुरले.

जवळची माणसे नेहमी आपल्याला बळच देतात असे नाही, हे येथे प्रांजळपणे कबूल केले पाहिजे. माया कधीकधी पायांत घोटाळते. वडीलबंधूंना दोष देणे सोपे आहे. परंतु घरातला कर्ता तरुण तुरुंगात गेल्यावर आपण काय सल्ला दिला असता, हे प्रत्येकाने स्वतःला विचारावे. आप्तांना आपला जीव वाचलेला हवा असतो. आपले व्रत वाचलेले पाहावयास कित्येकदा दुसऱ्या कोणाची तरी गरज लागते.

माधवरावांना असा आधार समर्थांच्या परंपरेत मिळाला. वर्ध्याजवळ हनुमानगडावर श्रीधर विष्णु परांजपे यांच्या सहवासात त्यांनी मधुकरी मागून काही काळ काढला. काल ज्यांच्या अग्रलेखांची सरकारने दखल घेतली, तो संपादक झोळी घेऊन दारोदार उभा राहू लागला. तेथे त्यांनी ‘दासबोधा’चे अध्ययन केले आणि पुढे त्याचा हिंदी अनुवाद सिद्ध केला. रायपूरला परतल्यावर त्यांनी येथे रामदासी मठ स्थापिला आणि मुलींच्या शिक्षणासाठी जानकीदेवी पाठशाळा सुरू केली. लेखन चालू होते, पण कित्येकदा ते टोपणनावाने प्रसिद्ध होई. आपले नाव मिरविण्याचा हक्क आपण गमावला, अशीच जणू त्यांची भावना असावी.

आणि मग एक घटना घडली. १९१४ साली लोकमान्य सुटून आले. १९१५ साली ‘गीतारहस्य’ प्रसिद्ध झाले आणि त्याच्या हिंदी अनुवादाचे काम माधवरावांकडे आले. १९१६ साली तो अनुवाद प्रकाशित झाला. मंडालेच्या कोठडीत लिहिलेला ग्रंथ त्या कोठडीच्या वाटेवरून मागे फिरलेल्या माणसाच्या हाती विश्वासाने सोपविला गेला, या घटनेचे मोल शब्दांत सांगणे कठीण आहे. कोणी क्षमेचे प्रवचन दिले असते, तर ते माधवराव विसरूनही गेले असते. त्यांना काम दिले गेले, आणि तेही मोठ्या भरवशाचे. हजारो हिंदी भाषिकांनी ‘गीतारहस्य’ वाचले ते माधवरावांच्या शब्दांत. पुढे चिंतामणराव वैद्य यांच्या महाभारतविषयक ग्रंथाचा अनुवादही त्यांनी केला. तो १९२० साली ‘महाभारत मीमांसा’ या नावाने निघाला.

घेतलेल्या आधाराची परतफेड ज्याने दिला त्यालाच करता येते असे नाही; बहुधा ती पुढच्या माणसाला करावयाची असते. १७ जानेवारी १९२० रोजी जबलपूरहून ‘कर्मवीर’ साप्ताहिक निघाले. त्यामागची प्रेरणा माधवरावांची होती. संपादकाच्या खुर्चीवर मात्र त्यांनी खंडव्याच्या माखनलाल चतुर्वेदींना बसविले. चतुर्वेदी त्यांच्याहून अठरा वर्षांनी लहान होते. १९२१ साली बिलासपूरच्या भाषणाबद्दल त्यांना अटक झाली आणि बिलासपूरच्या तुरुंगातच त्यांनी ‘पुष्प की अभिलाषा’ ही कविता लिहिली. हिंदीसाठीचा पहिला साहित्य अकादमी पुरस्कार १९५५ साली त्यांनाच मिळाला. माधवरावांना ते आयुष्यभर गुरुस्थानी मानीत आले. ज्या वाटेवर आपला पाय अडखळला, त्याच वाटेवर दुसऱ्याला पुढे जाताना पाहून ज्याला मत्सर न वाटता धन्यता वाटते, त्याच्या मनाचा मोठेपणा काय वर्णावा!

१९२४ साली डेहराडून येथील हिंदी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद माधवरावांना देण्यात आले. मातृभाषा मराठी असलेल्या लेखकाला हिंदी जगताने दिलेला हा मान होता. २३ एप्रिल १९२६ रोजी रायपूर येथे त्यांचे निधन झाले. वय अवघे चोपन्न वर्षांचे. १९८४ साली भोपाळ येथे त्यांच्या नावाने वृत्तपत्रांचे संग्रहालय स्थापन झाले, आणि जुन्या नियतकालिकांच्या अभ्यासकाची पावले आज तिकडे वळतात.

असो. एका मंडळाच्या स्मरणिकेत हे चरित्र कशासाठी, असे कोणी विचारील. आम्हांला त्यातून दोन गोष्टी घ्याव्याशा वाटतात. परक्या गावी माणसाला प्रथम आपला माणूस लागतो. नवी बदली होऊन आलेले कुटुंब, नोकरीच्या शोधात आलेला तरुण, महाविद्यालयात शिकावयास आलेली मुलगी या सर्वांना मंडळाचे दार उघडे असले पाहिजे. ओळखपाळख, चार घरचे जेवण, खोली मिळवून देणे, योग्य माणसाकडे नेऊन पोहोचविणे, या क्षुल्लक दिसणाऱ्या गोष्टींनी आयुष्ये मार्गी लागतात. परंतु तिघे मराठी मित्र एकत्र आले आणि छत्तीसगढचे झाले, हेही विसरता कामा नये. मंडळाचे अंगण आपल्या भाषेचे असावे आणि त्याचे फाटक गावाकडे उघडणारे असावे.

दुसरी गोष्ट याहून अवघड आहे. यशस्वी माणसाच्या सत्काराला आपण सारे जमतो. हारतुरे, श्रीफळ, शाल कशाची वाण पडत नाही. पण धंद्यात बुडालेला, परीक्षेत हरलेला, एखाद्या चुकीने मान खाली घालून बसलेला आपल्यातील कोणी मंडळात येईनासा झाला, तर त्याच्या घरी कोण जातो? सहानुभूतीचे चार शब्द बोलून परत येणे सोपे असते. त्याच्या हाती एखादे भरवशाचे काम देऊन यावे, असे माधवरावांचे जीवन आम्हांला सांगते. मंडळाच्या पुढील पन्नास वर्षांत अशी एखादी जरी फेरी आपल्या हातून घडली, तरी हा सुवर्णमहोत्सव सार्थकी लागला असे आम्ही समजू.