पंडित विष्णु नारायण भातखंडे

पंडित विष्णु नारायण भातखंडे यांचा जन्म १८६० साली मुंबईस झाला. त्या काळी पुष्कळ गवई आपली विद्या घराण्याबाहेर जाऊ देत नसत. मग सामान्य घरच्या मुलाने गाणे शिकावे कोठे? मुंबईच्या ‘गायन उत्तेजक मंडळी’त मात्र नामांकित गवई सभासदांना शिकवीत. १८८४ साली भातखंडे तिचे सभासद झाले व शेकडो चिजा शिकले. हे धन सर्वांस मिळावे, हाच त्यांना ध्यास लागला. चिजांच्या शोधात ते देशभर हिंडले. १९०७ साली नागपुरासही आले. पुढे त्यांनी वकिलीही सोडली. मिळालेल्या चिजा त्यांनी स्वरांच्या खुणांसह लिहून ठेवल्या. १९३६ साली ते निवर्तले. परंतु त्यांच्या क्रमिक पुस्तकांमुळे घराण्यांतील विद्या गावोगावच्या संगीतशाळांत पोहोचली.